तिकटीवरचा भात

आमच्या गॅरेजमधे, पाणी तापवायच्या टाकीच्या वर, एक पिवळा पडलेला पुठ्ठा लावलेला आहे. माझी नात रिया शाळेत असताना तिला घरातल्या वयस्कर माणसाची मुलाखत घेऊन यायला सांगितलं होतं. तिनं माझी घेतली. पुठ्ठ्यावर तिनं ऊस काढलाय, मगर काढलीय, माझा जुना फोटो चिकटवलाय आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत माझं एक वाक्य लिहिलंय. मी मराठीत बोललो होतो, इंग्रजी तिनं केलं. 'तिथं आम्हाला कुणी कधी त्रास दिला नाही.' वाक्य खरं आहे. शाळेत तिला त्या पुठ्ठ्यावर ए मिळाला, मुलानं कौतुकानं तो भिंतीला लावला, आणि तेव्हापासून मी गाडीत बसताना आणि उतरताना ते वाचतो. तेवढं इंग्रजी मला येतं. बाकी मी सातवी नापास आहे आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. उभा जन्म वेल्डिंग केलं, माझा जोड कधी गळला नाही. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचं हे घर माझ्या हातांनी उभं राहिलंय, मुलाच्या डिग्रीनं नव्हे, हे तोही मान्य करतो. हे लिहितोय ते वहीत, पेननं. सून म्हणाली, "बाबा, फोनला सांगा, तो आपोआप टाइप करतो." मी म्हटलं, मला फोनला सांगायचं नाही.

आई गेली तेव्हा मी सोळाचा होतो. वडील त्याआधीच कुठंतरी निघून गेले होते. सदूमामा आईचा धाकटा भाऊ. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता आणि तिथून लुइझियानातल्या एका साखर कारखान्यात नोकरी लागून आला होता. त्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं मला बोलावून घेतलं. अमेरिका म्हणजे उंच इमारती असं मी ऐकून होतो. गाडीतून उतरलो तर पुढं ऊस, मागं ऊस, आणि नाकात मळीचा वास. मला वाटलं एवढं विमानात बसून मी परत शिरोळलाच आलो की काय. फरक एवढाच की उसात कुणी हाक मारत नव्हतं. आमच्याकडं फडात सतत कोणी ना कोणी कुणाला हाका मारत असतं. इथं यंत्रं फिरायची, आणि यंत्र थांबलं की इतकं गप व्हायचं की पाचटावर सरडा पळाला तरी ऐकू यायचं.

कारखान्याच्या मुकादम-फोरमन लोकांची घरं एका ओळीत होती, पांढरी, लाकडाची. शेवटचं आमचं. मामीनं त्या घरात कोल्हापूर उभं करायचा फार प्रयत्न केला. जोंधळ्याचं पीठ मिळायचं नाही म्हणून ती मक्याच्या पिठाची भाकरी थापायची. ती तव्यावर टाकताना हमखास तुटायची, मग आम्ही तुकडे आमटीत कुस्करून खायचो. मोहरीचा पाला, भेंडी, चवळी मात्र तिथं आपल्यासारखी मिळायची. तिखट ती देशातून येणाऱ्या माणसाकडून मागवायची आणि डबा कपाटात मागं लपवून ठेवायची, जणू कुणी तिथं तिखट चोरायला येणार होतं. मामाचा जीव फोनमधे. महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी गावातल्या नव्या मराठी माणसाचा नंबर त्याला मिळायचा. फोन लावला की पहिला प्रश्न, "आडनाव काय आपलं?" मग गाव, मग कुणाचे कोण. तासाभरात तो त्या माणसाच्या तीन पिढ्या काढायचा. फोन ठेवला की मामीला सगळं सांगायचा, ती "हो का" म्हणायची, आणि पुन्हा घरात भिंतीतल्या एसीची घरघर तेवढी उरायची.

मला शाळेत घातलं. इंग्रजी येत नाही म्हणून दहा-अकरा वर्षांच्या पोरांत बसवलं. बाक एवढासा होता की माझे गुडघे वर यायचे. तीन दिवस बसलो, चौथ्या दिवशी घरी येऊन सांगितलं, जाणार नाही. मामा समजावून थकला, ओरडून थकला. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मामी त्याला म्हणाली, "अहो, ते ताईंचं पोर आहे, मरेल पण ऐकायचं नाही." मामानं हात टेकले आणि मला कारखान्यात नमुन्याच्या बाटल्या ने-आण करायला लावलं. माझ्या हट्टाची गोष्ट तेव्हापासून घरात कौतुकानं सांगितली जाते. मीही सांगतो. पण हट्ट कुठं केला आणि कुठं केला नाही, हे दोन्ही सांगितलं पाहिजे.

नमुने न्यायचे ते अर्लकडून. साखरेचा पाक ज्या मोठ्या बंद भांड्यात उकळतो त्याला पॅन म्हणतात आणि तो सांभाळणारा तो पॅनमन. अर्ल काळा होता, पन्नाशीचा, उंच, आणि वीस वर्षं तो पॅनजवळ दुसऱ्यांच्या हाताखाली उभा होता. त्या हंगामात जुना पॅनमन आजारी पडला, दाणा धरेना, साखर काळपट निघायला लागली. मामानं मॅनेजरला सांगितलं की इथं पाक कळणारा एकच माणूस आहे आणि तो अर्ल आहे. मॅनेजरला हंगाम वाचवायचा होता. त्यानं अर्लला पॅनमन केलं. काळ्या माणसाला ती जागा तिथं कधी मिळाली नव्हती. अर्ल पाकाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मधे धरायचा, बोटं हळूच लांब करायचा आणि डोळे मिटायचा. तार किती ताणते, दाणा किती खरखरतो, ते त्याला बोटांत कळायचं. मामा प्रयोगशाळेत अर्ध्या तासानं जे सांगायचा ते हा आधीच सांगून बसलेला असायचा.

कारखान्यात सगळे मला डॅन म्हणायचे. दत्तात्रय त्यांच्या तोंडात बसायचं नाही. अर्लनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय?" मी सांगितलं. त्यानं ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला मिस्टर चौगुले म्हणायला लागला. थट्टेनं म्हणायचा, पण अक्षर न अक्षर बरोबर. त्या देशात माझं आडनाव घेणारा तो पहिला माणूस. त्याची म्हातारी आई कधी कधी त्याच्या डब्यातून आमच्यासाठी भेंडी पाठवायची, मामी त्याच डब्यातून लिंबाचं लोणचं पाठवायची. एवढाच दोन घरांचा संबंध. मामी म्हणायची, "एकदा बोलवूया की त्यांना जेवायला." मामा म्हणायचा, "बघू." शेजारी काय म्हणतील, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

शेजारी म्हणजे डेल. फोरमन, गोरा, लाल मानेचा, मनानं वाईट नव्हता. आम्ही आलो तेव्हा त्यानं मामाची बंद पडलेली गाडी दोनदा चालू करून दिली होती. पण पॅनमनची जागा आपल्याला मिळणार असं तो धरून चालला होता. अर्लला मिळाल्यावर तो मामाशी बोलेनासा झाला. त्याची चार वर्षांची पोर मात्र यायची राहिली नाही. केली तिचं नाव. कुंपणाची एक फळी निघालेली होती, तिथून ती आत सरकायची आणि थेट मामीच्या स्वयंपाकघरात. गरम पोळीवर तूप-साखर घालून मामी गुंडाळून द्यायची, ती पायरीवर बसून खायची. मामी तिच्याशी मराठीतच बोलायची. पोरगी ये म्हटलं की यायची, बस म्हटलं की बसायची. मामीच्या आयुष्यातला तेवढाच आवाज होता म्हटलं तरी चालेल.

एका दुपारी केली आली ती डोळे लाल, अंग तापलेलं, कान धरून रडत. पोळी खाल्ली नाही. मामी तिला घरी सोडून आली. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की पोर कुणाला ओळखत नाही. मामीचं मन थाऱ्यावर राहिना. "दृष्ट लागली," ती म्हणाली. "एवढी गोरी पोर, उन्हातान्हात हिंडते." मामा कारखान्यात होता. तिनं भात शिजवला, एका कागदी ताटलीत काढला, वर कुंकू ओतलं, लिंबू कापून कुंकवात बुडवून ठेवलं, सात लाल मिरच्या ठेवल्या. पोरगी समोर नव्हती, म्हणून तिची आमच्याकडं राहिलेली केसांची निळी रिबीन वर ठेवली. मग ताटली केलीच्या घराच्या दिशेनं ओवाळली आणि माझ्या हातात दिली. "तिकटीवर ठेवून ये. चौकात नको, तिकटीच पाहिजे, तीन वाटांची. जाताना-येताना कुणाशी बोलायचं नाही. ठेवलं की मागं वळून बघायचं नाही. आणि कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की उतारा फुकट जातो."

आता त्या मुलखात सगळे रस्ते एकमेकाला चौकोनात कापतात. तिकटी शोधत मी बराच हिंडलो. एकच होती, कारखान्याचा रस्ता काळ्या लोकांच्या वस्तीच्या रस्त्याला जिथं मिळतो तिथं. त्या तिकटीवर पहिलं घर अर्लचं. मला त्यात काही वाटलं नाही. तीन वाटा मोजल्या, ताटली गवतावर ठेवली आणि मागं न बघता परत आलो. दिवेलागणीची वेळ होती, अर्लच्या घरातून मका भाजल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी केलीला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. आणि त्याच सकाळी ती ताटली उसाच्या ट्रकवाल्या एका माणसाला दिसली. निळी रिबीन कुणाची ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अफवा मी आयुष्यात पुढं खूप ऐकल्या. पण जिची सुरुवात माझ्या हातातून झाली अशी ती एकच, त्यामुळं ती कशी वाढते ते मी जवळून पाहिलं. मी ठेवलेल्या ताटलीत रोज काहीतरी नवं पडत होतं. पहिल्या दिवशी कुंकवाचं कोंबडीचं रक्त झालं. काट्यावर ऊस मोजणारा माणूस म्हणाला, त्यात पोरीचे केस होते. दुकानात मीठ आणायला गेलो तर तिथं टाचण्या टोचलेली बाहुली निघाली होती. अर्लची आई झाडपाला जाणते हे सगळ्यांना माहीत होतं, गोऱ्या बायकासुद्धा गुपचूप तिच्याकडून पोटदुखीचा पाला न्यायच्या. आता म्हणू लागले की म्हातारी रात्रंदिवस मंत्र पुटपुटते. शेवटी कुणीतरी सगळं जुळवून टाकलं. अर्लनं डेलची जागा घेतली, आता त्याची पोर घेतोय. हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकाच दिवशी ऐकलं, आणि तिघंही ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं बोलत होते. माझ्यादेखत बोलायचे. डॅनला काय कळतंय, असं. मला सगळं कळत होतं.

मी वर पॅनवर गेलो आणि अर्लला सांगितलं. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण सांगितलं. "ती ताटली मी ठेवली."

त्यानं पॅनच्या काचेवरची नजर काढली नाही. "काय होतं तीत?"

"भात. नुसता भात. लाल रंग आहे तो आमच्या कपाळाला लावायचा."

"कुणी केला?"

"मामीनं. पोरगी बरी व्हावी म्हणून."

त्यानं पाकाचा थेंब बोटांत ताणून पाहिला. मग हसला, पण तोंडानंच. "माझी आई अंडं फिरवते डोक्यावरून," तो म्हणाला. "आणि नदीत टाकते. तुम्हाला नदी नाही मिळाली, मिस्टर चौगुले?"

मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो त्यांना."

"तू सांगितलंस तर ते म्हणतील अर्लनं पोराला पढवलं. मी सांगितलं तर म्हणतील पाहुण्यांवर ढकलतोय." त्यानं बोटांना लागलेला पाक फडक्याला पुसला. "तुझा मामा टाय लावतो. त्यानं ऑफिसात जाऊन सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे. त्याला सांग, मी वाट बघतोय."

संध्याकाळी जेवताना मी मामाला सांगितलं. त्या जेवणातला पदार्थ न् पदार्थ मला आठवतो. आमटी, भात, चवळीची उसळ. मामाचा हात ताटात तसाच राहिला. मामीकडं बघून म्हणाला, "तू केलंस हे?"

"पोर तापली होती," मामी म्हणाली. "मी जाते जोलीनकडं." जोलीन म्हणजे केलीची आई. "माझं नाव सांगते. काय करणार आहेत मला?"

"काय करणार? रोज ती पोर तुझ्या हातचं खात होती. उद्या म्हणतील, ह्या हिंदू बाईनं काहीतरी खायला घातलं. मग? हे घर कारखान्याचं आहे. दत्ताचे कागद अजून सरकारात पडलेत. एक माणूस तक्रार करेल आणि ह्याला परत पाठवतील. कुठं पाठवतील? आहे कोण तिथं ह्याचं?"

"आणि अर्लचं काय?" मी विचारलं.

"अर्ल इथलाच आहे. त्याला हे लोक माहीत आहेत, चार दिवस बडबडतील आणि गप बसतील. आपण ह्यांच्यातले नाही आणि त्यांच्यातलेही नाही. मधल्या माणसानं मधे बोलू नये." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मीच त्याला वर चढवला ना. अजून किती करू?"

मामी उठून गेली. मी तिथंच बसून राहिलो. बाक लहान आहे म्हणून दोन दिवस उपाशी राहिलेल्या मी त्या रात्री भात संपवला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मामा मला वाचवत होता हे मला कळत होतं, आणि वाचायला मला बरं वाटत होतं. त्यानंतर दोन दिवस मी पॅनवर गेलो की अर्ल काही न विचारता नुसता माझ्याकडं बघायचा. मी बाटली घ्यायचो आणि खाली यायचो.

रविवार होता. लोक चर्चमधून सुटले आणि घरी गेले नाहीत. आमच्या खिडकीतून दिसत होतं, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं ट्रकमधे चढत होती. काही बायका गाड्यांत बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झाकलेलं भांडं होतं, कुणाकडं तरी जेवायला निघाल्यासारखं. ऊन चांगलं होतं. डेल पुढच्या ट्रकमधे होता. हॉस्पिटलातून थेट आला होता, दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवसांचा. मामानं पडदा ओढला. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मामी ओट्याला टेकून उभी होती, तिनं शिट्ट्या मोजल्या नाहीत आणि गॅसही बंद केला नाही. मामा म्हणाला, "कुणी बाहेर जायचं नाही." मी मागच्या दारानं निघालो.

उसातून पळत गेलो. पाती तोंडाला कापत होती. तिकटीपाशी उसाच्या कडेला थांबलो तेव्हा तीस-चाळीस माणसं रस्त्यावर उभी होती. अर्ल पायरीवर उभा होता, रविवारचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मागं दारात त्याची आई खुर्चीत. डेल म्हणत होता, "तू फक्त सांग काय केलंस. ते परत काढ. एवढंच मागतोय मी." त्याचा आवाज फाटत होता. आज मीही बाप आहे, आजोबा आहे, आणि सांगतो, तो मनुष्य त्या वेळी खरोखर विनवत होता.

"मी त्या ताटलीला हात लावलेला नाही," अर्ल म्हणाला. "माझ्या आईनंही नाही."

"मग कुणी ठेवली?"

तेव्हा अर्लला मी दिसलो. वीस हातांवर होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. नुसतं बोट उचललं असतं तरी पुरलं असतं. त्यानं बोट उचललं नाही. तो थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, एवढं मला पक्कं आठवतं, जिभेवर उसाच्या पातीची धूळ आली. मग डेलनं वळून पाहिलं, त्याला मी दिसलो, आणि तो चिडला नाही. जवळजवळ मायेनं म्हणाला, "घरी जा, डॅन. हे तुझ्यासाठी नाही."

मी घरी गेलो.

मागं वळून पाहिलं नाही. उतारा ठेवून आलो होतो तसाच, त्याच वाटेनं, कुणाशी न बोलता. अर्ध्या वाटेत मागून तो आवाज आला. उसाचं पाचट पेटलं की तडतड वाजतं, टिपऱ्या फुटतात. हंगामात तो आवाज रोजचाच. कुणीतरी अर्लच्या घरामागचा ऊस पेटवला होता, वारा घराच्या दिशेनं होता.

कागदोपत्री काहीच झालं नाही. तोडणीआधी ऊस पेटवला, वारा फिरला, एक घर गेलं, असं ठरलं. कुणी मेलं नाही. अर्लनं आईला खुर्चीसकट बाहेर काढलं, पण गर्दी बघून तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं होतं, तिथलं दार जाम झालं होतं आणि त्याची तापलेली लोखंडी मूठ त्यानं उजव्या हातानं धरून ठेवली होती, दार उघडेपर्यंत. कारखान्यानं दोन घोंगड्या पाठवल्या. त्या न्यायला मामानं मला सांगितलं, मी नेल्या नाहीत. तेवढा हट्ट मात्र केला.

तीन-चार दिवसांत केली परत आली. कानाच्या मागं पू साठला होता, शहरातल्या डॉक्टरनं कापून काढला. ती फळीतून आत आली, पायरीवर बसली आणि पोळी मागितली. मामीनं तिला उचलून तिच्या घरी नेऊन ठेवलं. परत येऊन हातोडी मागितली आणि स्वतः ती फळी ठोकून बसवली. मामी पुढं तीस वर्षं जगली. कुणाची दृष्ट काढली नाही. माझा मुलगा तान्हा असताना रात्र रात्र रडायचा, बायको म्हणायची मामींना सांगा. मामी म्हणाली, डॉक्टरकडं न्या.

अर्ल जाताना मला दिसला. ट्रकवर थोडंच सामान होतं, आई पुढं बसलेली, चालवत होता कुणी नातेवाईक. कारखान्याच्या फाटकाशी अर्लनं ट्रक थांबवायला लावला आणि मला हाक मारली, नेहमीच्या नावानं. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. पाकाची तार ज्या बोटांनी बघायचा ती बोटं त्या पट्टीत कुठं होती ते कळत नव्हतं.

"मामाला सांगितलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी."

त्यानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "म्हणजे तिघांना माहीत होतं," तो म्हणाला. आणि थांबला. ट्रकचं इंजिन चालू होतं. तो बराच थांबला, मी काही बोलतो का ते बघत. मग त्यानं डाव्या हातानं दारावर थाप मारली आणि ट्रक गेला. त्या वेळी मी बघत राहिलो, धूळ खाली बसेपर्यंत.

माझे कागद आले. मी ह्यूस्टनला गेलो, वेल्डिंग शिकलो. मामाशी बोलणं तोडलं नाही, पण त्याच्या घरी पुन्हा जेवलो नाही. त्याला वाटायचं मी गर्विष्ठ आहे. होतोच. त्या रात्री त्याच्यासमोर मी भात संपवला होता, हा राग मी त्याच्यावर काढत होतो. मामा गेला तेव्हा गेलो, खांदा दिला, संध्याकाळी परतलो.

गेल्या महिन्यात रिया सुट्टीला आली होती. कॉलेजात आहे आता. मी तिला म्हटलं, मला एका ठिकाणी ने. मुलगा म्हणाला, "पाच तास ड्राइव्ह आहे बाबा, तिथं आता काय आहे?" मी गाडीत जाऊन बसलो. पट्टा लावला आणि बसून राहिलो. ती हसली, "आजोबा, यू आर सो स्टबर्न, यार," आणि किल्ली आणायला आत गेली.

कारखाना बंद पडलाय, धुराडं तेवढं उभं आहे. पांढरी घरं पाडून टाकलीत. तिकटी आहे तशी आहे. अर्लच्या घराच्या जागी ऊस आहे, आणि वाऱ्यानं तो तसाच वाजतो. मी तिला गाडीतून उतरवलं, जिथं ताटली ठेवली होती तिथं उभं केलं, आणि इथं लिहिलंय ते सगळं सांगितलं. मधे मधे तिचं मराठी तोकडं पडत होतं, मी पुन्हा सांगत होतो. ऊन होतं, सावली कुठं नव्हती. ती रडली नाही. पुठ्ठ्याबद्दल काही म्हणाली नाही. गवताकडं बघून म्हणाली, "त्यांची मुलं असतील ना? ग्रँडकिड्स? वी कॅन फाइंड देम, आजोबा. सगळे सापडतात." आणि खिशातून फोन काढला.

"अर्ल," ती म्हणाली आणि तेवढं लिहिलं. "आडनाव काय?"

मी ऊस वाजताना ऐकत होतो. एक सबंध हंगाम मी त्या माणसाच्या शेजारी उभा राहिलो होतो. त्यानं माझं विचारलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

"आजोबा? लास्ट नेम?"

फोन हातात धरून, माझ्याकडं बघत, ती थांबली.